मुलांचे घर

इटलीची राजधानी रोम हे फार प्राचीन शहर आहे. त्याच्या जुन्या तटाबाहेर, रेल्वेच्या रुळांना लागून, सॅन लोरेंझो नावाची वस्ती आहे. सन १८८४ ते १८८८ च्या सुमारास रोममध्ये घरबांधणीची एकच धांदल उडाली होती. कर्ज काढून जमीन घ्यावी, तिच्यावर चार-पाच मजली इमारत उठवावी आणि झटपट धनवान व्हावे, या वेडाने पुष्कळांना पछाडले होते. पुढे पैशाचा ओघ एकाएकी आटला, अनेकांचे दिवाळे वाजले आणि सॅन लोरेंझोतील कितीतरी इमारती अर्धवटच उभ्या राहिल्या. कोणाला दारे नव्हती, कोणाला खिडक्या नव्हत्या, पाण्याची सोय नव्हती. अशा उघड्याबोडक्या भिंतींच्या आश्रयाला शहरातील गरीब व निराधार माणसे येऊन राहिली. एकेका खोलीत अनेक कुटुंबे दाटीवाटीने दिवस कंठू लागली.

काही वर्षांनी एका गृहसंस्थेने या इमारती विकत घेतल्या. एदुआर्दो तालामो हे त्या संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी इमारतींची डागडुजी केली, खोल्यांत हवा व उजेड खेळेल अशी व्यवस्था केली आणि नीटनेटकेपणाने राहू इच्छिणाऱ्या कामकरी कुटुंबांना ती घरे भाड्याने दिली. पण लवकरच एक नवी अडचण उभी राहिली. आईबाप दिवसभर कामाला जात. मोठी मुले शाळेत जात. मागे राहत ती तीन ते सहा वर्षांची चिल्लीपिल्ली. ती जिन्यांवरून धुडगूस घालीत, नव्याने रंगविलेल्या भिंतींवर कोळशाने रेघोट्या ओढीत. भिंती पुन्हा रंगवाव्यात तर मुले त्या पुन्हा खराब करीत. तालामो हे व्यवहारी गृहस्थ होते. या दुरुस्तीवर जो पैसा जातो, त्यातच मुलांसाठी इमारतीतली एखादी खोली राखून ठेवता येईल व त्यांच्याकडे पाहण्यास एक बाई नेमता येईल, असा हिशेब त्यांनी केला. या कामाची मांडणी कोणी करावी याचा विचार करताना त्यांच्यापुढे एका डॉक्टरीणबाईंचे नाव आले. त्यांचे नाव मारिया माँटेसोरी. हे वर्ष १९०६ होते आणि त्या वेळी त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते.

मारियांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाल्ले या लहानशा गावी झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी नोकरीत होते. आई रेनील्दे ही वाचनाची आवड असलेली, पुढच्या काळाचे भान ठेवणारी स्त्री होती. मारिया पाच वर्षांच्या असताना हे कुटुंब रोमला राहावयास आले. त्या काळी मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी समजूत होती. या मुलीला मात्र गणिताची गोडी होती. तेराव्या वर्षी तिने मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले. पुढे तिने डॉक्टर होण्याचा निश्चय केला. वडिलांना तो मुळीच रुचला नाही. आई मात्र मुलीच्या पाठीशी भक्कम उभी राहिली.

वैद्यकीय शिक्षणाची ती वर्षे खडतर होती. पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने एका मुलीने शवच्छेदन करणे शिष्टसंमत नव्हते. म्हणून सारे विद्यार्थी निघून गेल्यावर, त्या भयाण दालनात एकट्यानेच मारियांना ते काम करावे लागे. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. १८९६ मध्ये त्या रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेस त्या इटलीच्या वतीने गेल्या आणि समान कामाला समान वेतन मिळाले पाहिजे, ही मागणी त्यांनी तेथे मांडली.

डॉक्टर झाल्यावर त्या रोमच्या मनोरुग्णालयात काम करू लागल्या. ज्यांची बुद्धी वयाच्या मानाने मागे राहिली होती अशी मुले त्या काळी वेड्यांच्या बरोबरच कोंडलेली असत. अशा मुलांविषयीची एक हकीकत सांगतात. ती मुले एका रिकाम्या खोलीत ठेवलेली होती. जेवण झाले की ती जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे वेचीत. त्यांची देखरेख करणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटे. माँटेसोरीबाईंनी खोलीभर नजर फिरविली. तेथे हाताळण्यासारखी, उचलण्यासारखी, मांडण्यासारखी एकही वस्तू नव्हती. मुलांची भूक पोटाची नव्हती, त्यांच्या हातांना काही काम हवे होते, हे त्यांनी ओळखले. इतार व सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी पूर्वी केलेले प्रयोग त्यांनी मिळवून वाचले, लाकडाची साधने करवून घेतली आणि रात्रंदिवस खपून त्या मुलांना शिकविले. त्यांतील काही मुले लिहावाचावयास शिकून सामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी बाईंची वाहवा केली. बाईंना मात्र वेगळीच चिंता लागली. जी मुले मागे पडली होती ती एवढी पुढे येतात, तर मग धडधाकट मुले शाळेत असे काय भोगतात की ती यांच्याच पातळीवर राहतात?

याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी शाळा पाहिल्या. जिकडे तिकडे जड बाके जमिनीला खिळलेली दिसली. मुलाने हलू नये, वळू नये, एवढ्याच हेतूने ती घडविलेली होती. तासन् तास तशा बाकांवर बसून मुलांच्या पाठीला बाक येत असे. त्यावर उपाय म्हणून मुलांच्या पाठीला पट्टे बांधावेत, अशीही सूचना काही विद्वानांनी केली होती. पाठीला पट्टा बांधण्याऐवजी ते बाकच काढून टाकावे, असे बाईंचे मत होते. आज आपणास ही गोष्ट उघड वाटते. त्या काळी ती कोणाच्या ध्यानी आली नव्हती, एवढे मात्र खरे.

म्हणूनच तालामो यांचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी ते आनंदाने स्वीकारले. डॉक्टरकी व विद्यापीठातील अध्यापन करणाऱ्या बाईंनी गरिबांच्या चाळीत पोरे सांभाळावीत, हे त्यांच्या काही परिचितांना कमीपणाचे वाटले असल्यास नवल नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देइ मार्सी या रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या इमारतीत पहिली शाळा सुरू झाली. तिचे नाव ठेवण्यात आले कासा देइ बांबीनी, म्हणजे मुलांचे घर. पन्नासाहून अधिक मुले जमली होती. ती भेदरलेली होती, काही तर रडत होती.

या शाळेची खरी नवलाई तिच्या नियमांत होती. शाळा मुलांच्या राहत्या इमारतीतच होती आणि शिक्षिकाही त्याच इमारतीत राहत असे. फी मुळीच नव्हती. आईबाप इमारत स्वच्छ राखतील तर दुरुस्तीचा पैसा वाचेल व त्या पैशांवर शाळा चालेल, अशी योजना होती. म्हणून ही शाळा कोणा दात्याची देणगी नाही, ती भाडेकरूंच्या सामाईक मालकीची आहे, असे बाई उघडपणे सांगत. मात्र मालकी आली की जबाबदारीही आली. मुलाला ठरलेल्या वेळी, अंग व कपडे स्वच्छ करून, एप्रन घालून पाठविण्याचे काम आईकडे होते. आठवड्यातून निदान एकदा तिने शिक्षिकेला भेटावे, मूल घरी कसे वागते ते सांगावे व शाळेत काय करते ते ऐकावे, असा नियम होता. आणि तिला वाटेल त्या वेळी शाळेत येऊन आपल्या मुलाचे काम पाहण्याची मुभा होती. त्या काळच्या शाळांत आईबापांना दरवाजाच्या आत पाऊल टाकण्याचा प्रसंग क्वचितच येत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या मुभेचे मोल कळते.

नियमांतील एक कलम मात्र कठोर होते. जे मूल वारंवार अस्वच्छ येईल, किंवा ज्याचे आईबाप शिक्षिकेचा मान राखणार नाहीत, त्याला शाळेतून काढण्यात येई. आईबापांच्या चुकीची शिक्षा मुलाने का भोगावी, असा प्रश्न आपल्या मनात येतो आणि तो योग्यच आहे. परंतु लोकांना फुकटची वस्तू देऊन त्यांच्याकडून काहीच न मागणे हा त्यांचा अपमान आहे, अशी बाईंची भावना होती. लोकांवर विश्वास टाकावयाचा तर त्यांच्याकडून अपेक्षाही ठेवावयाची, या विचाराने त्यांनी ते कलम मान्य केले असावे.

आता खोलीकडे वळू. बाके तेथे नव्हतीच. चार वर्षांच्या दोन मुलांना सहज उचलून नेता येतील अशी हलकी मेजे बाईंनी करवून घेतली. लहान खुर्च्या आल्या. हातपाय धुण्याची जागा मुलांच्या उंचीची केली, फळे भिंतीवर खाली लावले. कोणी म्हणे, हलक्या खुर्च्या धक्का लागताच पडतील व गोंगाट होईल. बाईंना तेच हवे होते. खुर्ची पडली की आवाज होतो आणि आपले चालणे चुकले हे मुलाला आपोआप कळते. ते हळूहळू सावरून चालू लागते. जमिनीला खिळलेले बाक हे कधीच शिकवीत नाही. शक्य असेल तेथे वर्गाला लागून बाग असावी आणि मुलांनी मनाला येईल तेव्हा आत-बाहेर करावे, असाही त्यांचा आग्रह असे.

परंतु सारेच काही त्यांनी आधी ठरविले होते असे नाही. पुष्कळशा गोष्टी मुलांनीच त्यांना शिकविल्या. शिकण्याची साधने सुरुवातीला एका कपाटात कुलपात असत. शिक्षिका ती काढून देई व नंतर परत ठेवी. एके दिवशी ती कपाट लावण्यास विसरली आणि दुसऱ्या दिवशी तिला यावयास उशीर झाला. येऊन पाहते तो मुलांनी आपापल्या आवडीची साधने काढून घेऊन कामास सुरुवात केलेली! शिक्षिकेला ती चोरी वाटली. बाईंना त्यात मुलांची समज दिसली. कोणती वस्तू कोठे असते व आपणास कोणती हवी, हे या मुलांना ठाऊक आहे, मग कुलूप कशासाठी? तेव्हापासून उंच कपाटांच्या जागी बुटकी, उघडी कपाटे आली.

दुसरा प्रसंग तर याहून साधा आहे. एके दिवशी बाईंनी मुलांना नाक कसे शिंकरावे हे दाखविले. रुमालाची घडी कशी घ्यावी, आवाज न होऊ देता नाक कसे पुसावे, हे त्यांनी हलक्या हाताने करून दाखविले. मुलांना हसू येईल अशी त्यांची अपेक्षा होती. मुले हसली नाहीत. त्यांनी एकदम टाळ्यांचा कडकडाट केला. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानी आले की, शेंबडे म्हणून या मुलांना सगळेच हिणवतात, पण नाक कसे पुसावे हे त्यांना कोणी कधी प्रेमाने शिकविलेलेच नाही. आपला मान कोणी राखला की तो लहान मुलालाही कळतो.

लवकरच मुलांच्या आयांनी एक मागणी केली. त्यांतील पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. मुलांना लिहावाचावयास शिकवा, असे त्या बाईंना विनवू लागल्या. इतक्या लहान वयात लेखन शिकवावे असे बाईंच्या मनात नव्हते. पण आयांचा आग्रह त्यांना मोडवेना. मग त्यांनी खरखरीत कागदाची मोठमोठी अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली. मुलांनी त्यांवरून बोट फिरवावे आणि अक्षराचा ध्वनी उच्चारावा, एवढाच तो खेळ. काही महिने गेले. डिसेंबरातील एका उबदार दिवशी मुले गच्चीवर खेळत होती. बाईंनी एका मुलास खडू देऊन समोरचे धुराडे काढावयास सांगितले. त्याने ते जमिनीवर काढले. बाईंनी त्याला शाबासकी दिली. मुलगा क्षणभर थांबला आणि आपणास लिहिता येते असे ओरडत त्याने खाली वाकून एक शब्द लिहिला, मग दुसरा, मग तिसरा. त्याचे ओरडणे ऐकून इतर मुलेही धावली व तीही लिहू लागली. जन्मात पहिल्यांदाच ती लिहीत होती.

त्या दिवसांपासून मुलांना लिहिण्याचे वेडच लागले. घरी जावे आणि फरशीवर, भिंतीवर, एवढेच काय पावाच्या पाठीवरही अक्षरे काढावीत! आपली जमीन वाचविण्यासाठी बिचाऱ्या आयांनी पदरचे पैसे खर्चून त्यांना कागद व पेन्सिली आणून दिल्या. एकेकाळी याच मुलांच्या रेघोट्यांनी तालामो यांना त्रस्त केले होते. तोच हात आता लिहू लागला होता. ज्या घरात अक्षर माहीत नव्हते, तेथे पाच वर्षांच्या मुलाने ते नेले.

ही वार्ता हां हां म्हणता पसरली. त्याच वर्षीच्या एप्रिलात सॅन लोरेंझोत दुसरे घर निघाले आणि १९०८ मध्ये मिलान शहरात आणखी एक. १९०९ मध्ये बाईंनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९१५ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचा एक वर्ग काचेच्या भिंती उभारून चालविण्यात आला. बाहेर शेकडो माणसे डोळे लावून उभी आणि आत मुले त्यांच्याकडे न पाहता आपल्या कामात गढलेली, असे दृश्य लोकांना तेथे पाहावयास मिळाले.

पुढील आयुष्य त्यांना सुखाचे गेले नाही. इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही आली. आरंभी त्या राजवटीने बाईंच्या शाळांना साह्य दिले व बाईंनीही ते घेतले. परंतु स्वतःच्या मनाने काम निवडणारे मूल आणि हुकूम मिळताच पाय आपटणारे मूल, या दोहोंचा मेळ बसणे अशक्य होते. १९३४ च्या सुमारास इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांना देश सोडावा लागला. त्या स्पेनमध्ये राहत होत्या, तेथे १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. तेथून त्या हॉलंडला गेल्या.

१९३९ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या चिरंजीव मारिओ यांच्यासह भारतात आल्या. मद्रासजवळील अड्यार येथे त्यांनी वर्ग उघडला. भारताच्या कानाकोपऱ्यातून सुमारे तीनशे शिक्षक-शिक्षिका त्यासाठी जमल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे दोघे शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना स्थानबद्ध करण्यात आले. बाईंच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने मारिओंची सुटका केली. पुढे काही काळ त्या कोडाईकनालच्या थंड डोंगरावर राहिल्या. युद्ध संपेपर्यंत त्यांना मायदेशी परतता आले नाही, पण त्या रिकाम्या बसल्या नाहीत. या वर्षांत हजाराहून अधिक भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

बाई येण्याच्या कितीतरी आधी त्यांचे विचार आपल्याकडे पोचले होते. आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून गिजुभाई बधेका यांनी त्यांचे ग्रंथ वाचले आणि १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. परदेशी साधने महाग पडत, म्हणून तेथे खडे, पाने, बिया, शिंपले हीच साधने झाली. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळावयाचे असे, कोणाला गुरे राखावयाची असत. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. आई हाताने काम करता करता मुलांचे खेळ पाही. या अंगणातल्या वाडीलाच अंगणवाडी हे नाव मिळाले. रोममध्ये शाळा चाळीच्या खोलीत आली होती, येथे ती झोपडीच्या दारात आली.

माँटेसोरीबाई १९४६ मध्ये युरोपला परतल्या, काही काळासाठी पुन्हा भारतात येऊन गेल्या आणि शेवटी हॉलंडमध्ये राहिल्या. ऐंशी वर्षे उलटली तरी त्यांचा प्रवास थांबला नव्हता. ६ मे १९५२ रोजी नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्या मारिओंशी बोलत बसल्या होत्या. शिक्षकांच्या वर्गासाठी आफ्रिकेत जावे की नाही, याचा विचार चालला होता. त्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले. तेथेच, त्या गावच्या दफनभूमीत, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.